अभ्यासिकेचं वायफाय आणि रडारचे चॅनेल: प्रकल्प नोंदी

३ मे २०२५, शनिवार

जागा अंधेरी पूर्वेची. एका सार्वजनिक ग्रंथालयाची अभ्यासिका. तळमजल्यावर देवघेव आणि वर्तमानपत्रं, वरच्या दोन मजल्यांवर अभ्यासाचे हॉल, गच्चीवर पत्र्याची शेड. एमपीएससी, बँक, तलाठी, सीए अशा परीक्षांची मुलं सकाळी दार उघडायच्या आधीच जिन्यात उभी असतात. घरी दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, तिथे अभ्यास कसा होणार? त्यामुळे इथलं नेट नीट चालणं ही चैन नाही, गरज आहे.

सध्या तळमजल्यावर एकच राउटर आहे. दुसऱ्या मजल्यावर लेक्चरचा व्हिडिओ मिनिटामिनिटाला गोल फिरत बसतो. समितीने सहा ॲक्सेस पॉइंट (केबलला जोडून जागोजागी वायफाय देणारी यंत्रं) मंजूर केले आहेत आणि केबल टाकून झाली आहे. माझ्याकडे चॅनेलची आखणी, म्हणजे कुठलं यंत्र कुठल्या फ्रीक्वेन्सीवर बोलेल ते ठरवणं, आणि सेटिंग. मदतीला इथेच अभ्यासाला येणारा इंजिनीअरिंगचा एक मुलगा आहे.

आज लॅपटॉप घेऊन तिन्ही मजले आणि गच्ची फिरून स्कॅन केला. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६, ११ तिन्ही चॅनेल ठासून भरलेले. आजूबाजूच्या इमारतींतून इतकी नावं दिसतात की यादी संपत नाही. ५ गिगाहर्ट्झमध्ये ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ इथे तीच गर्दी, वर प्रत्येक राउटर ८० मेगाहर्ट्झ रुंद जागा, म्हणजे चार चॅनेल, अडवून बसलेला. मात्र ५२ ते १४४ जवळजवळ रिकामा.

मुलगा म्हणाला, "दादा, मधला सगळा पट्टा मोकळा आहे. सगळे ॲक्सेस पॉइंट तिथेच टाकू या ना."

पट्टा मोकळा दिसतो, पण तो मोकळा नाही. त्याचे मूळ मानकरी रडार आहेत. आपण तिथे पाहुणे म्हणून जाऊ शकतो, पण पाहुण्याचे नियम आधी समजून घ्यायचे. सोमवारी ते त्याच्यासाठी लिहून काढतो.

५ मे

नियमांचा कागद. मुलासाठी, आणि पुढे हे काम ज्याच्या हाती येईल त्याच्यासाठीही.

५ गिगाहर्ट्झचे चॅनेल मोजायची रीत सोपी आहे. चॅनेलच्या आकड्याला ५ ने गुणा आणि ५००० मिळवा, मधली फ्रीक्वेन्सी मेगाहर्ट्झमध्ये येते. चॅनेल ३६ म्हणजे ५१८०, चॅनेल १०० म्हणजे ५५००, चॅनेल १२४ म्हणजे ५६२०.

यातले ५२५० ते ५३५० आणि ५४७० ते ५७२५ मेगाहर्ट्झ हे पट्टे रडारसोबत वाटून घ्यायचे आहेत. पहिल्यात चॅनेल ५२ ते ६४ येतात, दुसऱ्यात १०० ते १४४. जहाजांची, लष्करी आणि हवामानाची रडारं इथे वायफायच्या कितीतरी आधीपासून आहेत. २००३ साली जिनिव्हात जागतिक रेडिओ परिषद झाली. तिथल्या ठराव क्रमांक २२९ ने वायरलेस लॅनला या पट्ट्यांत जागा दिली, ती अटींवर: आधी ऐकायचं, रडार असेल तर बोलायचं नाही, बोलताना रडार आलं तर निघून जायचं. याच वागण्याला डीएफएस (डायनॅमिक फ्रीक्वेन्सी सिलेक्शन) म्हणतात.

अमेरिकी नियमांतले आकडे असे. चॅनेल सुरू करण्याआधी ॲक्सेस पॉइंटने ६० सेकंद गप्प राहून ऐकायचं. चालू असताना रडारच्या स्पंदांची माळ दिसली की १० सेकंदांच्या आत चॅनेल सोडायचा, आणि त्या १० सेकंदांतही प्रत्यक्ष प्रक्षेपण फार थोडं, मिलिसेकंदांत मोजावं इतकंच. सोडलेल्या चॅनेलकडे पुढची ३० मिनिटं फिरकायचं नाही. किती क्षीण रडार ओळखता आलं पाहिजे, तेही ठरलेलं आहे. २०० मिलिवॉट किंवा त्याहून जास्त ताकदीच्या उपकरणाला उणे ६४ डीबीएम, कमी ताकदीच्याला उणे ६२. (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण.)

युरोपात आणखी एक कडक अट आहे. ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झला हात लागत असेल तर ६० सेकंद नाही, १० मिनिटं ऐकायचं. त्यामागचं कारण मला फार पटतं. तिथली बहुतेक हवामान रडारं याच भागात चालतात. हवामान रडारचा झोत बारीक असतो आणि तो वेगवेगळ्या कोनांत आकाश चाळत फिरतो. अख्खी फेरी पुरी व्हायला काही मिनिटं लागतात. तुम्ही ऐकत होता त्या मिनिटात झोत वर ढगांच्या माथ्याकडे असेल, तर तुम्हाला काहीच ऐकू येणार नाही आणि तुम्ही खुशाल चॅनेल रिकामा समजाल.

देशागणिक चित्र बदलतं ते असं. चीनमध्ये १०० ते १४४ वायफायसाठी नाहीतच. जपानमध्ये ते आहेत, पण १४९ पासून वरचे नाहीत. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाने ५६०० ते ५६५० हा तुकडा वायफायला बंद ठेवला आहे, त्यामुळे १२०, १२४, १२८ तिथे मिळत नाहीत. आपल्याकडे २००५ च्या अधिसूचनेने ५१५० ते ५३५० आणि ५७२५ ते ५८७५ हे पट्टे इमारतीच्या आतल्या वापरासाठी विनापरवाना केले. मग २२ ऑक्टोबर २०१८ च्या नियमांनी ५४७० ते ५७२५ ची भर घातली आणि एकूण ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे झाले.

ॲक्सेस पॉइंटमध्ये देश निवडायची जी सेटिंग असते, तिच्यामागे एवढं सगळं आहे. देश निवडला की कुठले चॅनेल, किती ताकद, कुठे डीएफएस, हे सगळं त्या एका कोडवरून ठरतं.

१० मे, शनिवार

माझा चुलतभाऊ न्यू जर्सीला असतो. त्याच्या ऑफिसने नेटवर्क बदललं, तेव्हा उतरवलेले चार चांगले ॲक्सेस पॉइंट त्याने ग्रंथालयासाठी म्हणून बॅगेतून आणले. माल उत्तम, त्यातले दोन सिक्स-ई, म्हणजे ६ गिगाहर्ट्झवरही चालणारे. समितीला वाटलं, खर्च वाचला.

डबा उघडून लेबल पाहिलं तर अमेरिकेसाठीचं मॉडेल. सेटिंगमध्ये देशाचा रकाना दिसतो, पण करडा. बदलता येत नाही. हे मुद्दाम केलेलं असतं. एफसीसी या अमेरिकेच्या दूरसंचार नियामक संस्थेचे नियमच सांगतात की ५ गिगाहर्ट्झच्या उपकरणाचं सॉफ्टवेअर असं बांधलेलं हवं, की वापरणाऱ्याला रेडिओची मंजूर मर्यादा ओलांडता येऊ नये.

अमेरिकेच्या कोडवर इथे चालवलं तर बिघडतं काय, हा प्रश्न समितीतल्या एका काकांनी विचारला आणि तो रास्त आहे. त्यांना दोन गोष्टी दाखवल्या. अमेरिकेने २०२० मध्ये ५८५० ते ५८९५ चा तुकडा आतल्या वापरासाठी खुला केला, त्यामुळे तिथल्या नव्या उपकरणात चॅनेल १७७ येऊ शकतो. तो ५८७५ ते ५८९५ असा बसतो. आपली हद्द ५८७५ ला संपते, म्हणजे हा चॅनेल अख्खा आपल्या हद्दीबाहेर. दुसरं, सिक्स-ईवाले दोन नग चालू केल्याबरोबर ६ गिगाहर्ट्झवर बोलू लागतील. तिथे तो पट्टा ५९२५ पासून ७१२५ पर्यंत खुला आहे, आपल्याकडे आज (मे २०२५) नाही. ऑटोवर ठेवलेलं उपकरण यातलं काहीही न विचारता निवडेल.

काकांचा पुढचा मुद्दा: "माझा भाचा म्हणतो, एखाद्या भलत्याच देशाचा कोड टाकला की सगळे चॅनेल खुले होतात आणि पॉवरही वाढते. नव्या मशिनमध्ये तसं करता येईल का?"

करता येईल अशी उपकरणं मिळतात. मी करणार नाही. का, ते सविस्तर लिहून ठेवतो, कारण हा प्रश्न पुन्हा येणार.

अमेरिकेत विमानतळांजवळ टर्मिनल डॉप्लर वेदर रडार नावाची रडारं आहेत. ५६०० ते ५६५० मध्ये चालतात. ढगातून एकदम खाली कोसळणारा वारा उतरत्या विमानाला जमिनीवर आपटू शकतो. २ ऑगस्ट १९८५ ला डॅलस-फोर्टवर्थला डेल्टाचं विमान असंच पडलं. असा वारा आधी दिसावा म्हणून ही रडारं उभी राहिली. २००९ मध्ये पोर्तो रिकोतल्या सान हुआनच्या रडारच्या पडद्यावर भलत्याच रेघा येऊ लागल्या. शोध घेतला तेव्हा उगम निघाला उघड्यावर लावलेल्या ५ गिगाहर्ट्झच्या वायरलेस लिंकमध्ये. काहींचं डीएफएस चालूच नव्हतं, काही उपकरणं डीएफएस असूनही ते रडार ओळखण्यात कमी पडली. त्यानंतर एफसीसीने त्या ५० मेगाहर्ट्झमध्ये नव्या उपकरणांना मंजुरी थांबवली. अशा रडारपासून ३५ किलोमीटरच्या आत उघड्यावर लावायच्या उपकरणाने रडारच्या फ्रीक्वेन्सीपासून निदान ३० मेगाहर्ट्झ लांब राहावं, असंही सांगितलं. २०१४ मध्ये चाचण्या कडक करून तो तुकडा पुन्हा उघडला.

म्हणजे काहींचं डीएफएस बंद होतं, काहींचं कमी पडलं, आणि अख्ख्या देशाचे तीन चॅनेल काही वर्षं गेले. ज्यांनी नियम पाळले त्यांचेही गेले.

आता आपल्या दाराशी. मुंबईत हवामान खात्याचं जुनं डॉप्लर रडार कुलाब्याला आहे. ते एस बँडचं, म्हणजे बऱ्याच खालच्या फ्रीक्वेन्सीचं, तिथे आपलं ५ गिगाहर्ट्झ पोचतच नाही. पण जानेवारी २०२२ पासून दुसरं रडार चालू आहे ते वेरावलीला, अंधेरी पूर्वेतच, आणि ते सी बँडचं आहे. सी बँडची हवामान रडारं साधारण ५६०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात, लाटेची लांबी सुमारे ५ सेंटिमीटर. थेंबांवरून परत आलेला प्रतिध्वनी इतका क्षीण असतो, की तो टिपणं म्हणजे बँड वाजत असताना मांडवाच्या दुसऱ्या टोकाची कुजबुज ऐकणं. त्याच फ्रीक्वेन्सीवर गच्चीवरून एखादा ॲक्सेस पॉइंट बोलत राहिला, तर रडारच्या चित्रात त्या दिशेला मध्यापासून काठापर्यंत एक पट्टा उमटतो. तिथे पाऊस आहे की नाही, सांगता येत नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. या शहरातल्या कुणाला पावसाचा अंदाज तासभर आधी मिळण्याची किंमत समजावून सांगायला नको. काकांनाही नको होती. ते म्हणाले, "असं असेल तर इथलंच मशीन घ्या." अमेरिकेचे चारही नग भावाला परत नेता येतील असे बांधून ठेवले.

१७ मे, शनिवार

इथल्या बाजारातून घेतलेले सहा ॲक्सेस पॉइंट आले. लेबलवर भारताचं मॉडेल. देश भारत, रकाना बदलता येतो तरी तसाच ठेवला.

एक विसंगती. चार नगांत १०० ते १४४ दिसतात, दोन नगांत नाहीत. मॉडेल एकच. फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) पाहिलं तर त्या दोघांतलं जुनं. त्यातला भारताचा तक्ता २०१८ च्या आधीच्या नियमांवर बेतलेला, म्हणून ५४७० ते ५७२५ गायब. अपडेट केल्यावर सहाही सारखे झाले. नियम राजपत्रात बदलतो तेव्हा तो उपकरणात आपोआप पोचत नाही, कंपनीने तक्ता बदलून फर्मवेअर द्यावं लागतं आणि कुणीतरी ते टाकावं लागतं. असे कित्येक नग शहरभर जुन्या तक्त्यावर चालू असतील.

अपडेटनंतर ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ पुढे रडारची खूण दिसते. हवी तशीच.

१८ मे, रविवार

अभ्यासिका रविवारी दुपारनंतर बंद, म्हणून चाचण्या आज. माझ्याकडचा ओपन-डब्ल्यूआरटी (राउटरचं एक खुलं सॉफ्टवेअर) टाकलेला एक जुना राउटरही आणला, कारण त्याचा लॉग, म्हणजे घडामोडींची नोंद, उघडा वाचता येतो. व्यापारी ॲक्सेस पॉइंट नुसतं "चॅनेल बदलला" एवढंच सांगतात.

राउटर चॅनेल १०० वर, ८० मेगाहर्ट्झ. सुरू केल्यावर लॉगमध्ये पहिली ओळ डीएफएस-सीएसी-स्टार्ट, म्हणजे गप्प ऐकणं सुरू. त्यानंतर नेटवर्कचं नाव कुठल्याच फोनवर नाही. मुलगा घड्याळ धरून. बरोबर एक मिनिटाने डीएफएस-सीएसी-कम्प्लिटेड, आणि लगेच नाव उमटलं. तो म्हणाला, "मी घरी असतो तर राउटर बिघडला समजून बंद-चालू केला असता." आणि बंद-चालू केला की पुन्हा पहिल्यापासून एक मिनिट. घरोघरी हेच होत असणार.

मग खोटं रडार. या चिपच्या ड्रायव्हरमध्ये तपासणीसाठी एक फाइल असते, तिच्यात १ लिहिलं की ड्रायव्हरला रडार दिसल्यासारखं होतं. दोन फोन आणि एका लॅपटॉपवर व्हिडिओ लावून ठेवले आणि १ लिहिला. लॉगमध्ये डीएफएस-रडार-डिटेक्टेड, फ्रीक्वेन्सी ५५००, मध्य ५५३०. पाठोपाठ डीएफएस-न्यू-चॅनेल, ३६. लॅपटॉपचा व्हिडिओ थांबलाच नाही. राउटरने जाण्याआधी बीकनमध्ये (ठरावीक वेळाने तो स्वतःची ओळख पाठवतो त्यात) "अमुक चॅनेलला चाललो" ही सूचना दिली आणि लॅपटॉप तिच्यामागे गेला. एक फोनही गेला. दुसरा, जुना फोन तिथेच राहिला, नेटवर्क हरवलं म्हणाला, आणि पुन्हा शोधून जोडला जायला त्याला काही सेकंद लागले.

यात एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. रडार दिसलं ५५०० च्या आसपास, पण ८० मेगाहर्ट्झ रुंद असल्यामुळे १०० ते ११२ हे चारही चॅनेल एकदम अर्ध्या तासासाठी गेले. रुंदी जितकी जास्त, तितकं एका घटनेत जास्त जातं. १६० मेगाहर्ट्झची तर गोष्टच नको. ५ गिगाहर्ट्झमध्ये आपल्याकडे १६० चे दोनच गट पडतात, ३६ ते ६४ आणि १०० ते १२८, आणि दोघांतही रडारचा भाग आहे. अभ्यासिकेला रुंदी लागत नाही. व्हिडिओ आणि पीडीएफसाठी ४० पुष्कळ. लागतं ते सातत्य.

फोन हे चॅनेल शोधतो कसा, हेही तपासलं. साध्या चॅनेलवर फोन हाक मारतो, "कोण आहे का?", आणि उत्तर काही मिलिसेकंदांत येतं. रडारच्या चॅनेलवर त्याला आधी हाक मारायची परवानगी नाही. गप्प बसून बीकनची वाट पाहायची. बीकन दर १०२.४ मिलिसेकंदांनी येतो, म्हणजे प्रत्येक चॅनेलवर तेवढं थांबायचं. असे चॅनेल १६. नुसत्या त्यांनाच दीड सेकंदाहून जास्त वेळ लागतो. जिना चढताना पहिल्या मजल्याचं नेट सुटून दुसऱ्याचं पकडायला वेळ लागतो तो यामुळे. यावर उपाय म्हणून शेजाऱ्यांची यादी देणारी ८०२.११के ची सोय चालू केली. ॲक्सेस पॉइंट फोनला सांगतो की शेजारी अमुक चॅनेलवर आहे, मग फोन सगळीकडे धुंडाळत बसत नाही. नेटवर्कचं नाव लपवायचं नाही, हेही याच कारणाने ठरवलं.

हॉलमधल्या प्रोजेक्टरला लावलेला टीव्ही बॉक्स १०० वरचं नेटवर्क पाहूच शकत नाही. अपडेटही नाही. तो जिथे आहे तिथे साधा चॅनेलच द्यावा लागेल.

२४ मे

दूरसंचार विभागाने या महिन्यात ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ विनापरवाना करण्याच्या नियमांचा मसुदा काढला आहे. तिथे डीएफएस नाही, म्हणजे मिनिटभर गप्प बसणं नाही, उड्या मारणं नाही. मुलगा खूश. पण मसुदा म्हणजे नियम नव्हे, आणि इथल्या मुलांचे फोन पाहता ६ गिगाहर्ट्झ समजणारे हाताच्या बोटांवर मोजावे. आखणी ५ वरच.

दोन वरच्या ॲक्सेस पॉइंटना निरीक्षणासाठी ११६ ते १२८ वर ठेवलं आहे. मधली फ्रीक्वेन्सी ५६१०. या तुकड्यात इथे काय ऐकू येतं ते बघायचंय. दोघांवर नेटवर्कचं नाव वेगळं ठेवलंय, मुलांना ते वापरायला दिलेलं नाही.

२६ मे, सोमवार

पाऊस आला. हवामान खात्याने आज मुंबईत मान्सून दाखल झाल्याचं जाहीर केलं. इतक्या लवकर तो कधी आल्याची नोंद नाही. दक्षिण मुंबईत धो धो, आचार्य अत्रे चौकाच्या नव्या मेट्रो स्टेशनात पाणी शिरलं. अभ्यासिका मात्र भरलेली, बाहेर जायला कुणी तयार नाही.

सकाळी वीज दोनदा गेली आणि आली. त्यातून एक धडा सरळ मिळाला. वीज आली की सहाही ॲक्सेस पॉइंट एकदम उठतात. साध्या चॅनेलवरचे पटकन बोलू लागतात, रडारच्या चॅनेलवरचे एक मिनिट गप्प. पहिल्या मजल्यावर दोन्ही रडारच्या चॅनेलवर होते, तिथे सगळ्यांची नेट गेल्याची ओरड. ठरवलं: प्रत्येक मजल्यावर निदान एक ॲक्सेस पॉइंट साध्या चॅनेलवर हवाच. शिवाय केबलवरून वीज देणाऱ्या स्विचला छोटा यूपीएस. ग्रंथपालबाईंनी लगेच होकार दिला.

दुपारी लॉग वाचला. निरीक्षणाच्या दोन्ही ॲक्सेस पॉइंटवर रडारची नोंद, ५६१० च्या गटात, दोघांवर एकाच सेकंदाला. अर्धा तास संपून ते परत गेले आणि थोड्या वेळाने पुन्हा तसंच. त्याच्या उलट तळमजल्यावरच्या एकाने चॅनेल ६० वर रडार पाहिल्याचं सांगितलं, पण एकट्यानेच, आणि भर गर्दीच्या वेळी. त्याच मजल्यावर चाचणीचा राउटर त्याच चॅनेलवर ऐकत होता, त्याला काहीच दिसलं नाही.

दोन्ही नोंदी मी एकाच मापाने मोजत नाही. वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या दोन उपकरणांनी एकाच क्षणी एकाच जागी पाहिलेलं खरं मानायचं. एकट्याने गर्दीत पाहिलेलं बहुधा वायफायच्याच तुकड्यांची टक्कर असते. ॲक्सेस पॉइंटला स्पंदांची माळ दिसते, ती कुणाची हे त्याच्यावरून कळत नाही. इथे ती कुणाची हे कळायची गरजही नाही. ११६ ते १२८ यादीतून कायमचे काढले. ५६०० ते ५६५० मध्ये या इमारतीतून काहीही जाणार नाही.

काही जण अशा वेळी म्हणतात, डीएफएस आहे ना, मग काळजी कशाला, रडार आलं की ते आपोआप सरकेल. सान हुआनमध्ये डीएफएस असलेली काही उपकरणंही सरकली नव्हती. यंत्रणा आपल्यासाठी शेवटचं कुंपण आहे. रडार शेजारी आहे हे माहीत असताना मुद्दाम त्या कुंपणाला टेकून बसायचं कशाला?

७ जून

गच्चीचा निर्णय. शेडमध्ये संध्याकाळी मुलं गटाने बसतात, तिथे नेट हवंच. आतल्या ॲक्सेस पॉइंटला निदान काँक्रीटच्या भिंती आणि स्लॅब अडवतात, गच्चीवरून चारी दिशा उघड्या. म्हणून गच्चीवर रडारचा कुठलाही चॅनेल नाही. चॅनेल १६५, २० मेगाहर्ट्झ, ताकद कमी केलेली. शेडच्या टोकाला उभं राहून पाहिलं, व्हिडिओ नीट चालतो. पलीकडच्या इमारतीपर्यंत पोचवायचं आपल्याला काही कारण नाही.

बाकीची आखणी, सगळे ४० मेगाहर्ट्झ: तळमजला ४४-४८. पहिल्या मजल्यावर खिडकीकडचा १४९-१५३, जिन्याकडचा ५२-५६. दुसऱ्या मजल्यावर प्रोजेक्टरवाल्या हॉलमध्ये ३६-४०, आतल्या हॉलमध्ये १००-१०४.

डीएफएसमध्ये बहुतेक लोक विसरतात ती गोष्ट म्हणजे परतीची जागा. ऑटोवर ठेवलं तर रडार दिसल्यावर सगळे ॲक्सेस पॉइंट पळून ३६ वर येतात आणि एकमेकांच्या उरावर बसतात. इमारतीत एकाला ऐकू आलं तर सहसा दुसऱ्यालाही येतं, म्हणजे पळापळ एकाच वेळी. सगळे ॲक्सेस पॉइंट एकत्र सांभाळणाऱ्या या कंट्रोलरमध्ये प्रत्येकाला पर्यायी चॅनेल ठरवून देता येतो. ५२-५६ वाल्याला १५७-१६१ दिला, तो इमारतीत दुसऱ्या कुणाकडे नाही. १००-१०४ वाल्याला ४४-४८, कारण त्या चॅनेलचा मालक दोन मजले खाली आहे. खोट्या रडारची चाचणी पुन्हा केली, दोघेही ठरल्या जागी गेले.

१३२ ते १४४ राखीव. गर्दी वाढली तर तिथे जायचं, आधी काही दिवस नुसतं ऐकून.

२९ जून, रविवार

पावसाचे आठवडे गेले. जिन्याकडच्या ॲक्सेस पॉइंटने एकदा रात्री चॅनेल बदलला आणि अर्ध्या तासाने परतला, कुणाच्या लक्षातही आलं नाही. आतल्या हॉलचा १०० वर स्थिर. वीज गेल्याचा त्रास यूपीएसने संपला. राज्यसेवेची तयारी करणाऱ्या एका मुलीने सांगितलं की टेस्ट सिरीज मध्येच तुटत नाही आता. मला एवढं पुरे.

मुलाने एक चांगली सूचना केली: लॉगमधल्या रडारच्या नोंदी महिन्याला एका वहीत उतरवायच्या, चॅनेल आणि वेळेसकट. पुढे कुणी "तो पट्टा रिकामाच असतो" म्हणालं तर वही दाखवता येईल. वही त्याच्याकडेच दिली.

५ जुलै

ग्रंथपालबाईंना काम सोपवलं. स्विचच्या कपाटाच्या दारावर आतून कागद लावला आहे, त्यावर असं:

देश भारत आहे, तो बदलू नये. फर्मवेअर अपडेट झाल्यावर देश आणि चॅनेलची यादी पुन्हा तपासावी, कारण अपडेटमध्ये तक्ता बदलू शकतो. ११६, १२०, १२४, १२८ चालू करू नयेत. गच्चीवरचा ॲक्सेस पॉइंट १६५ वरच राहील. जिन्याकडचं किंवा आतल्या हॉलचं नेट वीज आल्यावर लगेच दिसलं नाही तर एक मिनिट थांबावं, बंद-चालू करू नये. बाहेरून भेट आलेला ॲक्सेस पॉइंट लावण्याआधी लेबलवरचा देश बघावा.

बाईंनी वाचून विचारलं, "आणि कुणी टेक्निशियन आला आणि म्हणाला की हे बदललं की स्पीड वाढेल, तर?"

तर त्याला हा कागद द्या आणि मला फोन लावा, असं सांगितलं. त्यांनी कागदाच्या खाली माझा नंबर स्वतःच्या हाताने लिहिला.

बाकी कामं: भावाचे चार नग सप्टेंबरमध्ये परत जातील. ६ गिगाहर्ट्झचे अंतिम नियम निघाले की तळमजल्याचा विचार. टीव्ही बॉक्स बदलायचा आहे, समितीच्या पुढच्या बैठकीत विषय ठेवलाय.